खुर्चीचा मान आणि पायांचा हक्क

(न्यासाच्या अमृतमहोत्सवी व्याख्यानमालेत बडोदे येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या व्याख्यानमालेत मला बोलावले, ह्याबद्दल मी विश्वस्तांचा मनापासून आभारी आहे. ह्या व्यासपीठावरून आजवर वैद्य बोलले, प्राध्यापक बोलले, कीर्तनकार बोलले. मी वैद्य नाही. पहिलवान तर नाहीच नाही, हे माझ्या देहयष्टीकडे पाहून आपल्या ध्यानी आलेच असेल. सरकारी कचेरीच्या हिशेब खात्यात ३६ वर्षे एका खुर्चीवर बसलेला मी माणूस आहे. तेव्हा 'बसणे' ह्या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार मला अनुभवाने आला आहे, एवढेच फार तर म्हणता येईल.

आपल्या मराठी भाषेकडेच पाहा. घरी कोणी आले की आपण प्रथम म्हणतो, "या, बसा." धंद्यात स्थिरता आली की त्याचा जम बसला म्हणतो, संसाराची घडी बसली म्हणतो, परगावी जाऊन कोणाचे बस्तान बसले तर त्याचे कौतुक करतो. आता चालण्याचे शब्द काढा. पायपीट, वणवण, हेलपाटे, दारोदार! एकाही शब्दात सुख नाही. जागचा उठून काही करू गेला तर त्याला आपण 'नसती उठाठेव' म्हणतो. म्हणजे बसणारा तो सुखी व प्रतिष्ठित, आणि चालणारा तो बिचारा, हा निवाडा आपल्या बोलण्यातच होऊन गेलेला आहे. आज मला ह्याच निवाड्याविरुद्ध अर्ज करावयाचा आहे.

हा निवाडा उगाच झाला नाही, हेही मान्य केले पाहिजे. गायकवाडी राज्याबरोबर आपले पूर्वज इकडे आले. कोणी तलवार घेऊन आले, कोणी लेखणी घेऊन आले. तलवारीचे दिवस संपले, लेखणीचे राहिले. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९०८ साली बँक ऑफ बडोदा निघाली, खाती वाढली, कचेऱ्या वाढल्या. दांडिया बाजार आणि रावपुरा ह्या भागांतील कितीतरी घरांत पहिला पगार आला तो खुर्चीवर बसणाऱ्याचा. उन्हात राबणाऱ्या बापाने मुलाला सांगितले, "शीक, म्हणजे सावलीत बसशील." मुलगा शिकला आणि सावलीत बसला. आपल्या न्यासानेही पंचाहत्तर वर्षे हेच पुण्यकर्म केले. माझ्या कॉलेजची पुस्तके १९७२ साली ह्याच न्यासाने घेऊन दिली होती. ती खुर्ची मला आपण दिलीत. तिच्याविषयी मी कृतघ्नपणे बोलणार नाही. परंतु तिचा हिशेब मात्र मांडणार आहे, कारण हिशेब मांडणे हाच माझा धंदा होता.

प्रथम घरचीच गोष्ट सांगतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, कारकून होते. १९४२ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीस लागले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले. पण अण्णांची खुर्ची तीच राहिली. एका खुर्चीवर बसून त्यांनी तीन राज्ये पाहिली, असे ते विनोदाने म्हणत. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे नानाकाका, शिक्षणात मागे पडले आणि पट्टेवाला झाले. कचेरीचे टपाल घेऊन सकाळी कोठी, तेथून न्यायमंदिर, मग मांडवी आणि दुपारी स्टेशन, असा त्यांचा रोजचा फेरा. पुढे सायकल मिळाली, पण जिने काही सायकलवर चढता येत नाहीत.

आमच्या घरी पाहुणे आले की आजोबा अण्णांची ओळख त्यांच्या हुद्द्यासह करून देत आणि नानाकाकांविषयी म्हणत, "हा धाकटा, हाही नोकरीतच आहे." कसली नोकरी, ते सांगत नसत. काकांचे लग्न जमताना दोन स्थळे ह्याच कारणावरून परत गेली. काका ते विसरले नाहीत.

अण्णा १९८० साली, निवृत्तीला तीन महिने उरले असताना, हृदयविकाराने गेले. वय ५८. नानाकाका २०१६ साली गेले. वय ९१. शेवटच्या वर्षापर्यंत ते सुरसागरावर फिरावयास जात आणि घरी येऊन मला म्हणत, "तुझ्या बापाला खुर्चीने मान दिला रे, पण आयुष्य नाही दिले."

आता मंडळी, एका घरातील दोन भावांवरून सिद्धांत मांडणे हे हिशेबनिसाला शोभत नाही. अण्णांना तपकीर होती, काळजीचा स्वभाव होता, घरचे कर्ज त्यांच्या डोक्यावर होते. कशाने काय झाले हे मी सांगू शकत नाही. काकांचे ते वाक्य मी पुष्कळ वर्षे दुःखाचे वाक्य म्हणूनच ऐकले. पुढे वाचनात आले की अशीच तुलना एका शास्त्रज्ञाने हजारो माणसांवर करून पाहिली आहे, तेव्हा मी दचकलो.

लंडनमधील जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांची ही गोष्ट आहे. त्या शहरात दुमजली बसगाड्या चालत. प्रत्येक गाडीवर दोन माणसे असत. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर तिकिटे देत त्या आतल्या जिन्यावरून वरखाली करणारा. पगार जवळपास सारखा, राहणी सारखी, शहर एक, गाडीही एक. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३१,००० माणसांची माहिती तपासली आणि १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ड्रायव्हरांच्या मानाने कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. झालाच तर उशिरा होत होता, आणि त्याचे स्वरूपही सौम्य असे. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी टपाल खाते पाहिले. तेथेही पायी आणि सायकलीवर टपाल वाटणारे पोस्टमन एका बाजूस आणि खुर्चीवर बसणारे कारकून व टेलिफोनवाले दुसऱ्या बाजूस, अशी तुलना केली. उत्तर तेच आले.

म्हणजे आमच्या घरचे अण्णा आणि नानाकाका त्या कागदावर होतेच म्हणा ना!

शंकेखोर माणसाने येथे विचारले पाहिजे की, मुळात लठ्ठ माणसेच ड्रायव्हर होत असतील तर? ही शंका मॉरिसनाही आली. म्हणून त्यांनी बसकामगारांना दिलेल्या गणवेशांची मापे तपासली, आणि ड्रायव्हरांच्या विजारी कमरेत खरोखरच मोठ्या निघाल्या. १९५६ साली त्यांनी तेही प्रामाणिकपणे छापले. तेव्हा एका पाहणीने प्रश्न मिटत नाही. परंतु त्यानंतरच्या सत्तर वर्षांत देशोदेशी ज्या पाहण्या झाल्या, त्यांनी मूळ गोष्ट पक्की केली आहे. हालचाल करणाऱ्याचे हृदय अधिक टिकते. मॉरिस स्वतः १९१० साली जन्मले आणि २००९ साली गेले. वयाच्या शंभरीच्या उंबरठ्यापर्यंत पोचलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढे तरी आपण मान्य कराल.

आणि हे दुखणे काही मोटारी आल्यावर निघाले असेही नाही. इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० साली निरनिराळ्या धंद्यांतील माणसांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. १७१३ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने लेखनिकांवर, म्हणजे आपल्या कारकून मंडळींवर, स्वतंत्र प्रकरण घातले. त्यांच्या दुखण्याची तीन कारणे त्याने दिली. एक, सतत बसणे. दोन, हाताची एकसारखी तीच ती हालचाल. तीन, चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. लेखणी जाऊन संगणक आला, पण ह्या तीन कारणांतले एकही गेलेले नाही.

असो. आता माझे बोलणे सुरू होऊन पुष्कळ वेळ झाला आहे आणि त्याआधी प्रास्ताविक, परिचय आणि पुष्पगुच्छ ह्यांत पाऊण तास गेला आहे. आपण सर्वजण एका जागी बसून आहात. माझी हात जोडून विनंती आहे की सर्वांनी दोन मिनिटे उभे राहावे. अध्यक्षमहाराज, आपणही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसल्या जागीच पाय लांब करून टाचा वरखाली कराव्या. शेजाऱ्याशी बोलावयास हरकत नाही; फक्त बसू नये.

(येथे सभागृहातील सर्व मंडळी दोन मिनिटे उभी राहिली. — संपादक)

बसा आता. पाहा, किती जणांनी आळोखेपिळोखे दिले! शरीर हे मागतच असते, आपणच त्याची मागणी नाकारतो.

ह्या दोन मिनिटांत आत काय घडले ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. शरीरातील सर्वांत मोठे स्नायू मांड्यांत आणि नितंबांत असतात. आपण जेवतो, त्याची साखर रक्तात उतरते. ती साखर वापरणारे मोठे गिऱ्हाईक म्हणजे हे स्नायू. माणूस बसला की गिऱ्हाईक दुकान बंद करून झोपी जाते आणि माल रक्तात पडून राहतो. माणूस उठून चालू लागला की हे स्नायू आकुंचन पावतात आणि साखर ओढून घेतात. तसेच पोटऱ्यांचे. पायांकडे गेलेले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटऱ्या करतात. पण त्या चालल्या तरच. म्हणून लांबच्या प्रवासात बसून बसून पाय सुजतात.

ऑस्ट्रेलियात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही स्थूल माणसांना एके दिवशी सलग बसविले, आणि दुसऱ्या एका दिवशी दर २० मिनिटांनी उठवून दोन मिनिटे हळूहळू चालविले. जे पेय त्यांना दिले ते दोन्ही दिवशी सारखेच. परंतु चालविल्याच्या दिवशी त्यानंतर रक्तात चढणारी साखर सुमारे पाव हिश्शाने कमी भरली. प्रयोग लहान होता, हे मी लपवीत नाही. तरी पण आपल्या आजीने जेवणानंतर शतपावली घालावयास सांगितली होती, ती तिने काही प्रयोगशाळेत जाऊन शोधून काढली नव्हती. आपण शिकलेली माणसे अशी चतुर की, आजीने सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी वामकुक्षी ठेवली आणि शतपावली सोडली!

आता माझी स्वतःची पाळी. २००६ साली ह्याच सभागृहात न्यासाने रक्ततपासणीचे शिबिर भरविले होते. मी स्वयंसेवक म्हणून नावे लिहून घ्यावयास बसलो होतो, अर्थात बसलोच होतो. गर्दी ओसरल्यावर डॉक्टर म्हणाले, "तुम्हीही देऊन टाका रक्त." मी हसलो. म्हटले, "डॉक्टरसाहेब, मी काडीसारखा माणूस, मला कसली साखर?" दुसऱ्या दिवशी अहवाल आला. मधुमेह होता, आणि पुष्कळ दिवसांचा होता. वय ५२.

काडीसारखा माणूस सुरक्षित, ही समजूत खोटी आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी ह्या बाबतीत मोठे काम केले आहे. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन ह्यांनी आपली दोघांची छायाचित्रे आणि मापे एका वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच. परंतु इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी शेकडा ९ आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात शेकडा २१. दिसावयास सडपातळ आणि आत चरबी, अशी आपल्या लोकांची ठेवण पुष्कळदा असते. म्हणून काट्याबरोबर टेपही वापरावी. कमरेचा घेर पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांनी ८० च्या आत ठेवावा, असे आपल्याकडील डॉक्टर सांगतात.

आणि हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह, आणि आणखी १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर. सर्वांत अधिक प्रमाण निघाले गोव्यात, शंभरात २६. आपल्यापैकी कित्येकांचे सोयरे तेथे आहेत. त्यांना पत्र लिहाल तेव्हा हेही कळवावे. दुसऱ्या एका पाहणीने २०२४ साली दाखविले की आपल्या देशातील जवळजवळ निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नाही. पुरुषांत शंभरात ४२, स्त्रियांत ५७.

डॉक्टरांनी मला गोळ्या दिल्या, पथ्य दिले आणि विचारले, "दिवसातून किती वेळा खुर्चीतून उठता?" मी मोजून पाहिले. सकाळी साडेदहा ते सायंकाळी सहा, उठलो तीन वेळा. पाणी शिपाई आणून देई. फाइल शिपाई आणून देई. शेजारच्या टेबलावरची टाचणीसुद्धा मी घंटी वाजवून मागवीत असे. हेडक्लार्क झाल्यावर मेजावर घंटी आली होती, आणि ती यावी म्हणून मी वीस वर्षे वाट पाहिली होती.

मी घंटी खणात ठेवली. पाणी प्यावयास स्वतः व्हरांड्याच्या टोकाच्या मडक्याकडे जाऊ लागलो. तिसऱ्या दिवशी आमचा शिपाई समोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, माझ्या हातून काही चूक झाली का? तीन दिवस घंटी वाजली नाही." मी म्हटले, "नाही भाई, मला डॉक्टरांनी उठावयास सांगितले आहे." तो घुटमळला आणि हळूच म्हणाला, "मग साहेब, मी काय करू?" त्या बिचाऱ्याला वाटले की आपली नोकरीच गेली. मी म्हटले, "तळमजल्याच्या फाइली मी नेईन, बाहेरच्या तू ने." तो हसला, पण त्याचा विश्वास बसावयास आठवडा लागला.

वरिष्ठांचे समाधान करणे अधिक कठीण गेले. आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितले, "अहो, पदाची काही शान ठेवा. हेडक्लार्क मडक्यावर उभा राहून पाणी पितो, हे बरे दिसत नाही." त्यांचा हेतू वाईट नव्हता. ते माझ्या आजोबांच्याच शाळेत शिकले होते. मला त्या क्षणी नानाकाकांची ती परत गेलेली दोन स्थळे आठवली. मी साहेबांना म्हटले, "साहेब, शान ठेवली तर पाय जातील असे डॉक्टर म्हणतात." त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. आणि सांगावयास आनंद वाटतो की, वर्षभराने तेही मडक्यावर दिसू लागले.

माझा मधुमेह बरा झाला, असे मी म्हणणार नाही. गोळ्या आजही चालू आहेत आणि त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी कमी करू नयेत. परंतु साखर आटोक्यात आली, दुपारची गुंगी गेली, कंबर धरत असे ती सुटली, आणि सभेत उभा राहून बोलतो आहे, हे आपण पाहताच आहात.

कोणी म्हणेल, हे कचेरीचे झाले, आता जग बदलले. होय, आणि ते अधिकच बसके झाले! माझी सून संगणकाच्या कंपनीत आहे. २०२० सालच्या साथीपासून ती घरूनच काम करते. पूर्वी ती बसथांब्यापर्यंत चालत जाई, कंपनीचे जिने चढे, जेवावयास खाली उतरे. आता अंथरुणापासून टेबलापर्यंत मी मोजली, सहा पावले. उरलेले सारे घरकाम संपवून ती पुन्हा बसते ती रात्रीपर्यंत. एके दिवशी मी म्हटले, "सूनबाई, जरा उठत जा." ती म्हणाली, "बाबा, उठले तर पडद्यावर मी जागेवर नाही असे दिसते हो." पाहा, मेजावरची घंटी गेली, पण आता तीच घंटी उलटी वाजते! बसून असणे म्हणजे काम करणे, हा तोच जुना निवाडा. तिने त्यावर एक तोड काढली. फोनवरचे बोलणे असेल तेव्हा ती गच्चीवर चालत बोलते. दिवसात तासभर तरी फोन असतोच.

आता करावे काय, ते थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे जलद चालण्यासारखा मध्यम श्रम करावा, आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा, आणि बसण्याचा वेळ कमी करावा, असे म्हटले आहे. बसण्याच्या जागी हलकी हालचाल आली तरी ती उपकारकच. २०१६ साली दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून असे दिसले की, जे दिवसाला आठ तासांहून अधिक बसतात, पण रोज ६० ते ७५ मिनिटे जोमाने चालतात, त्यांच्या बाबतीत बसण्याने वाढणारा मृत्यूचा धोका जवळजवळ नाहीसा होतो. इतका वेळ आपल्यापैकी थोड्यांनाच मिळेल. म्हणून दुसरा मार्ग म्हणजे बसणे तुकड्यातुकड्यांनी मोडणे. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटे उठलो, तर आठ तासांत ३२ मिनिटे होतात, आणि कामाचे काही बिघडत नाही. लिफ्ट असेल तेथे एकदोन मजले जिन्याने जावे. घरापासून एक थांबा आधी उतरावे.

एक सावधगिरी सांगतो. दिवसभर एका जागी ताटकळत उभे राहणे हा बसण्यावरचा उपाय नव्हे. त्याने पायांच्या शिरा फुगतात आणि पाठ दुखते. बसणे, उठणे, चालणे ह्यांची फिरती हवी. ज्यांना हृदयविकार आहे, जे मधुमेहाची इंजेक्शने किंवा गोळ्या घेतात, त्यांनी नवा श्रम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आपण म्हणाल, बडोद्याला व्यायाम का शिकवता? खरे आहे. उस्ताद जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव ह्यांचे हे गाव. द. चिं. मुजुमदार ह्यांनी व्यायामज्ञानकोशाचे खंडामागून खंड मराठीत सिद्ध केले ते ह्याच गावी. त्या परंपरेपुढे मी नतमस्तक आहे. परंतु तिच्यामुळे आपली एक गैरसमजूत झाली. व्यायाम म्हणजे आखाडा, तो तरुण पोरांनी करावयाचा, आणि एकदा केला की उरलेला दिवस बसावयास मोकळे! मल्लखांब ज्याला जमेल त्याने अवश्य करावा. मी मागतो आहे ते त्याहून पुष्कळ लहान आहे. आपले पाणी आपण उठून घ्यावे.

शेवटी विश्वस्तांना चार विनंत्या. पहिली, न्यासाच्या प्रत्येक सभेत दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उभे राहण्याचा ठराव करावा. आज आपण ती प्रथा पाडलीच आहे. दुसरी, दर रविवारी सकाळी ह्या सभागृहापासून कमाटीबागेपर्यंत सहकुटुंब पायी जाण्याचा उपक्रम सुरू करावा, आणि त्यात सुनांना स्वयंपाकाची सबब सांगावी लागू नये म्हणून त्या दिवशी न्याहारी सेव-उसळीची बाहेरून यावी, मात्र तिखट तर्री बेताची घ्यावी! तिसरी, आपल्यापैकी ज्यांच्या स्वतःच्या कचेऱ्या वा कारखाने आहेत त्यांनी पाणी आणि छपाईयंत्र टेबलांपासून दूर ठेवावे, आणि जागेवरून उठलेल्या माणसाला कामचुकार समजू नये. ही तिसरी गोष्ट पैशाविना होण्यासारखी आहे, आणि तीच सर्वांत कठीण आहे.

चौथी विनंती शिष्यवृत्तीविषयी. आपण मुलांना पत्र देतो, त्यात 'आपण शिकून मोठ्या पदावर बसावे' असा आशीर्वाद असतो. माझ्या १९७२ सालच्या पत्रातही तो आहे. मी ते जपून ठेवले आहे. यापुढे त्यात एक ओळ वाढवावी. 'आणि तेथे बसल्यावरही स्वतःच्या पायांनी चालावे.'

नानाकाका हयात असते तर आज त्यांना मी पहिल्या रांगेत बसविले असते, असे म्हणणार होतो. पण ते बसले नसते. मागे दाराशी उभे राहिले असते.

न्यासाच्या शताब्दीला आपण सर्वजण ह्याच सभागृहात जिना चढून यावे, अशी प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.